बजीचा 'स्क्वॉक': ज्याला कुणी धड शिव्याही देत नाही असा दुसरा अल्बम

आधीच सांगतो, 'स्क्वॉक' हा काही मास्टरपीस वगैरे नाहीये, आणि कुणी तसं छातीठोक सांगत असेल तर एकतर तो पठ्ठ्या बजीचा कट्टर भक्त आहे नाहीतर त्याला त्याच्याकडची एलपी, म्हणजे ती मोठी जुनी रेकॉर्ड, विकायचीय. पण या अल्बमबद्दल जे सरसकट बोललं जातं ना, की पहिला दणदणीत, तिसरा अजरामर आणि दुसरा आपला मधेच कुठेतरी लटकलेला, ते मला अजिबात पटत नाही. एखादा अल्बम वाईट असेल तर वाईट म्हणा की, निदान चर्चा तरी होईल. 'स्क्वॉक'चं दुखणं असं की त्याला कुणी धड शिव्याही देत नाही, "हां, तो पण आहे" म्हणून पुढे जातात.

ज्यांना बजी हे नावच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. (नुसतं नाव टाकून सर्च केलंत तर आधी आपण लव्हबर्ड म्हणून पाळतो त्या पाखरांचे पिंजरे आणि त्यांचं खाणं दिसेल, खचून जाऊ नका, पुढे बँड असं लिहा.) वेल्समधल्या कार्डिफची तीन पोरं. बर्क शेली बेस वाजवणार आणि गाणारही तोच, टोनी बोर्ज गिटारवर, रे फिलिप्स ड्रम्सवर. 1967 च्या सुमारास सुरुवात, तेव्हा नाव भलतंच होतं, मग सिक्स टन बजी झालं आणि मग कापून नुसतं बजी. वाजवायचं कानठळ्या बसतील असं आणि नाव मात्र पिंजऱ्यातल्या गोंडस पाखराचं, ही विसंगती शेलीला जाम आवडायची म्हणे. बरं, दिसायलाही हे काही रॉकस्टार नव्हेत, शेलीचे ते लांब केस आणि डोळ्यांवरचा मोठा चष्मा बघितला की वाटतं हा इंजिनिअरिंगचा हॉस्टेलवाला आहे आणि याचे दोन विषय राहिलेत.

पहिला अल्बम 1971 चा, दुसरा 1972 चा, दोन्ही एमसीए या कंपनीचे. दोन्हींचा प्रोड्युसर रॉजर बेन, म्हणजे ब्लॅक सॅबथचे पहिले तीन अल्बम ज्याने केले तोच माणूस. रेकॉर्डिंग मॉनमथजवळच्या रॉकफील्डला, जो मुळात एक शेत-गोठेवाला फार्म होता आणि वॉर्ड बंधूंनी तिथेच राहून रेकॉर्ड करता येईल असा स्टुडिओ उभा केला, पुढे 1975 ला क्वीनने 'बोहेमियन रॅप्सडी'चं काम पण तिथे केलं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा कारण पुढे लागणार आहे, या मूळ तिघांनी मिळून फक्त तीन अल्बम केले. चौथ्याच्या आधी फिलिप्स बाहेर पडला. म्हणजे 'स्क्वॉक' तिघांतला मधला, आणि मधल्या पोराचं घरात जे होतं तेच याचं झालं.

आता लोक काय म्हणतात ते बघू, कारण मत बनवायच्या आधी मी हा अल्बम बऱ्याच जणांना ऐकवला आणि बऱ्याच जणांचं वाचलं, आणि गंमत अशी की माणूस बजीकडे कुठल्या दारातून आला यावर त्याचं 'स्क्वॉक'बद्दलचं मत ठरतं.

आपल्याकडचे बहुतेक लोक मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडच्या दारातून येतात. 1987 च्या त्यांच्या 'गॅरेज डेज' ईपीवर (म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) बजीचं 'क्रॅश कोर्स इन ब्रेन सर्जरी' आहे, 1988 ला 'हार्वेस्टर ऑफ सॉरो'च्या मागच्या बाजूला 'ब्रेडफॅन' आहे, आणि 1998 च्या 'गॅरेज इंक'वर दोन्ही एकत्र. ज्या पिढीने त्या डबल अल्बमची सीडी मित्राकडून घेऊन कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि पुढे 2011 ला बंगलोरच्या शोला रात्रीच्या बसने धडकली, त्यांना बजी म्हणजे 'ब्रेडफॅन'. मग ते उत्साहाने मूळ बँड शोधतात, पहिला अल्बम ऐकतात, तिसरा ऐकतात कारण 'ब्रेडफॅन' तिथे आहे, आणि दुसऱ्यावर येतात तेव्हा त्यांना ओळखीचं काहीच सापडत नाही. आयर्न मेडनवाल्यांचं पण तेच, मेडनने उचललेलं 'आय कान्ट सी माय फीलिंग्ज' हे 1975 च्या 'बँडोलियर'मधलं. साउंडगार्डनने केलेलं 'होमिसायडल सुइसायडल' पहिल्या अल्बममधलं. व्हॅन हेलन क्लबात वाजवायच्या दिवसांत 'इन फॉर द किल' वाजवायचे, ते चौथ्यातलं. बघा म्हणजे, मोठ्या लोकांनी बजीची जी गाणी जगभर नेली त्यात दुसऱ्या अल्बममधलं एकही नाही. माझ्या मते 'स्क्वॉक' मागे पडण्याचं निम्मं कारण हेच आहे, गाण्यांची प्रत वगैरे नंतर. त्याची ओळख करून द्यायला कुणी मोठा भाऊ मिळालाच नाही.

तर आमच्यातला जो मेटॅलिकावाला आहे त्याचं मत असं की "रिफ भारी आहेत रे पण स्पीड कुठेय?" (रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा.) त्याच्या जागी तो बरोबर आहे. 'ब्रेडफॅन'चा तो धावता, श्वास घेऊ न देणारा रिफ इथे शोधाल तर मिळणार नाही. इथली चाल जड आहे, ब्लूजकडे झुकलेली, थोडी झुलणारी.

दुसरे सॅबथवाले. यांचं एकच वाक्य, "गरिबांचा सॅबथ". प्रोड्युसर एक, काळ एक, रिफवर गाणं उभं करायची पद्धत एक, मग दुसरं काय म्हणणार. आणि 1972 ला सॅबथचा 'व्हॉल्यूम 4' आला, डीप पर्पलचा 'मशीन हेड' आला, म्हणजे त्या वर्षी दुकानात ज्याच्या खिशात एकाच एलपीचे पैसे होते त्याने 'स्क्वॉक' का उचलावा हा प्रश्न रास्तच आहे. पण गरिबांचा सॅबथ म्हणणाऱ्यांनी जरा नीट ऐकावं. सॅबथ भीती घालतो, घंटा, पाऊस, सैतान, सगळा मामला गंभीर. बजी घाबरवत नाही, त्यांच्या जडपणात एक मिश्कीलपणा आहे. ज्या बँडच्या गाण्याचं नाव 'हॉट अ‍ॅज अ डॉकर्स आर्मपिट' आहे, म्हणजे गोदी कामगाराच्या काखेइतकं गरम, तो बँड सैतानाबद्दल काय गाणार! अशी नावं ही त्यांची खोडच होती, पहिल्या अल्बमवर 'न्यूड डिसइंटिग्रेटिंग पॅराशूटिस्ट वुमन', तिसऱ्यावर 'यू आर द बिगेस्ट थिंग सिन्स पावडर्ड मिल्क'. आणि कार्डिफच्या पोरांनी गोदी कामगार आणावा यात नवल नाही, एके काळी अख्ख्या जगाला कोळसा पाठवणारं बंदर ते, आणि ही पोरं वयात येईपर्यंत तो कोळशाचा धंदा बसला होता.

तिसरे आवाजवाले, म्हणजे ज्यांना शेलीचा आवाजच झेपत नाही. आमच्या घरी मी हा अल्बम लावला तर स्वयंपाकघरातून पहिला प्रश्न आला, "ही बाई कोण किंचाळतेय?" आवाज उंच आहे, बारीक आहे, वर जाताना किंचित फाटतो. रश हा बँड ऐकलेले लोक लगेच म्हणतात की हा तर त्यांच्या गायकाची, गेडी लीची कॉपी, पण बाबांनो, रशचा पहिला अल्बम 1974 चा, शेली 1971 पासून असाच गातोय. शिवाय दोघंही बेस वाजवता वाजवता गातात, दोघंही तिघांच्या बँडमध्ये, त्यामुळे तुलना होणारच, फक्त कोण आधी ते तरी बरोबर सांगा. मला स्वतःला हा आवाज आवडतो. एवढा जड रिफ खालून चाललाय आणि वर पुन्हा जाड, घोगरा आवाज ठेवला असता तर सगळा लगदा झाला असता, हा बारीक आवाज त्या रिफला चिरत जातो. पण हे ज्याच्या त्याच्या कानाचं आहे, नाही झेपला तर नाही झेपला, जबरदस्ती नाही.

आता गाण्यांकडे येऊ. सुरुवात 'व्हिस्की रिव्हर'ने. (हे नाव टाकून शोधलंत तर विली नेल्सन येतो, ते कंट्री गाणं पूर्ण वेगळं, संबंध शून्य.) साडेतीन मिनिटांच्या आत आटपणारं, रिफ पहिल्या सेकंदाला हातात, बेस आणि गिटार एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालल्यासारखे. पहिलं गाणं म्हणून झकास आहे पण यात पहिल्या अल्बमच्या 'गट्स'सारखी छाती दडपत नाही. आणि इथेच बरेच लोक मत बनवून मोकळे होतात, की हां, हे जरा सौम्य झालेत. मग 'रॉकिंग मॅन' येतं आणि ते ऐकून सौम्य म्हणणाऱ्यांनी तोंड धुवून यावं. याचा रिफ अगदी साधा आहे, गिटार शिकणारं पोरगं दुसऱ्या महिन्यात वाजवेल, पण तो ज्या वजनाने टाकलाय ना, फिलिप्स मागे एक कणभर रेंगाळतो, घाई नाही, आणि त्या रेंगाळण्यातच सगळा जीव आहे. आमचा एक ड्रमर मित्र आहे, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, त्याला रॉकचं काही पडलेलं नाही, त्याने हे एकदा ऐकून एवढंच सांगितलं, "याला कुठे पोचायचंच नाहीये, म्हणून भारी वाटतंय." मी अख्खा रिव्ह्यू लिहितोय आणि तो एका वाक्यात सांगून गेला.

आणि इतकं सगळं तापवल्यावर हे लोक काय करतात? पाठोपाठ दोन शांत गाणी. 'रोलिंग होम अगेन' जेमतेम दोन मिनिटांचं, अकूस्टिक गिटार, बीटल्सच्या वळणाचं, आणि त्याच्या मागे 'मेक मी हॅपी', अजून हळवं. 'स्क्वॉक'वरची सगळ्यात मोठी भांडणं या दोन गाण्यांवरून. "गाडी चौथ्या गिअरमध्ये होती आणि यांनी हँडब्रेक ओढला" असं म्हणणारे निम्मे, आणि "उलट त्यामुळेच दम घेता येतो" म्हणणारे निम्मे. माझं मत जरा बाजूचं आहे. छोटी अकूस्टिक गाणी ही बजीची पहिल्यापासूनची सवय, पहिल्या अल्बमवर 'एव्हरीथिंग इन माय हार्ट' आणि 'यू अँड आय' आहेत, तिसऱ्यावर 'यू नो आय विल ऑलवेज लव्ह यू' आणि 'रायडिंग माय नाइटमेअर'. तिथे कुणी तक्रार करत नाही कारण तिथे ती एकेक करून मधे पेरलीत, जेवणात लोणचं वाढावं तशी. इथे दोन्ही एकाच ठिकाणी लागोपाठ आलीत, त्यामुळे पहिली बाजू मधे खचते. म्हणजे दोष गाण्यांचा नाही, क्रमाचा आहे. 'रोलिंग होम अगेन' तर मला मनापासून आवडतं, गुणगुणायला सोपं आहे, प्रवासात बरं वाटतं. 'मेक मी हॅपी' मात्र नाही झेपत, त्यात शेली इतका लाडात येतो की जरा कसंतरीच होतं. नवीन ऐकणाऱ्याला हे एक वगळलं तरी चालेल असं माझं स्पष्ट मत, कट्टर भक्तांनी राग मानू नये.

मग ते गोदी कामगाराचं गाणं, पहिल्या बाजूचा शेवट. मूड लगेच जागेवर. एकाच गाण्यात दोन-तीन गाणी कोंबल्यासारखं आहे, रिफ चालतो, मधेच वाट सोडून तिघं कुठेतरी भटकायला जातात, तुम्हाला वाटतं आता हे हरवले, आणि मग बरोबर मूळ जागी येऊन पडतात. ज्यांनी सॅबथच्या पहिल्या दोन अल्बममधले ते भटके जॅम ऐकलेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. इथे मला थोडी नापसंती पण नोंदवायचीय, मधला भाग अजून आवळता आला असता, एक मिनिट कमी असतं तर बिघडलं नसतं.

खरं तर हा अल्बम दुसऱ्या बाजूचा आहे. आणि आजकाल सगळं प्लेलिस्टवर ऐकतात, पहिली चार गाणी ऐकून पुढचा बँड, त्यामुळे 'स्क्वॉक'च्या वाट्याला कायम अर्धवट ऐकणारेच येतात. 'ड्रगस्टोअर वुमन' हे नेहमीचं ब्लूज रॉक, वाईट नाही, लक्षातही राहत नाही. 'बॉटल्ड' दोनेक मिनिटांचं, आलं आणि गेलं, ते का आहे हे मला विचारू नका. पण मग 'यंग इज अ वर्ल्ड' सुरू होतं, आठ मिनिटांच्या वर, आणि इथे बजी पहिल्यांदा दाखवतात की आपण फक्त रिफ मारणारी टोळी नाही. हळू, उदास सुरुवात, शेलीचा तोच आवाज जो मगाशी लाडात आला होता तो इथे एकदम खरा वाटतो, आणि मग गिटार जड होत जाते, पुन्हा ओसरते, पुन्हा चढते. येस या लांबलचक गाण्यांच्या बँडचा भक्त जो माझा मित्र आहे, ज्याला पाच मिनिटांखालचं गाणं म्हणजे जाहिरात वाटते, तो या अल्बममधलं फक्त हे एक गाणं ऐकतो आणि म्हणतो बाकीचा अल्बम याच्या नखाची सर नाही. इतकं टोकाचं मी म्हणणार नाही, पण तिसऱ्या अल्बमच्या शेवटचं 'पेरेंट्स' ज्यांना आवडतं, आणि ते दहा मिनिटांचं गाणं बजीचं सर्वोत्तम आहे यावर जवळपास सगळ्यांचं एकमत आहे, त्यांनी 'यंग इज अ वर्ल्ड' नक्की ऐकावं. बी इथे पडलंय. लहानपण संपल्याची तीच हुरहुर, तीच हळू चढत जाणारी बांधणी, फक्त इथे अजून कच्ची. मला तो कच्चेपणाच भावतो, 'पेरेंट्स' जरा जास्त घासूनपुसून ठेवलंय असं कधीकधी वाटतं (हे वाक्य मी आमच्या ग्रुपमध्ये मोठ्याने म्हणत नाही).

शेवट 'स्ट्रँडेड'. सहा मिनिटं. अख्ख्या अल्बममधलं एकच गाणं निवडायला सांगितलं तर मी हे निवडेन, 'यंग इज अ वर्ल्ड' नाही. का, तर इथे या तिघांचं नेमकं बलस्थान दिसतं. बोर्ज रिफ सोडून सुरावटीवर जातो, गिटार एकावर एक रेकॉर्ड केलेल्या आहेत हे कळतं, आणि त्या सुरेल भागातून परत जड रिफवर उडी पडते तेव्हा अंगावर येतं. पुढे मेडन आणि मंडळींनी दोन गिटारच्या जोडसुरांवर सगळं दुकान उभं केलं, त्याची चाहूल इथे लागते असं म्हणणारे बरेच आहेत. मला त्यात जरा जास्तच ओढूनताणून वाटतं, तेव्हा दोन गिटारवाला विशबोन अ‍ॅश बँड वगैरे होतेच की. पण गाणं भारी आहे यावर वाद नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या बेसवाल्या मित्रामुळे सांगावीशी वाटते. तिघांच्या बँडची मोठी अडचण कुठली? गिटारवाला सोलोला गेला की मागे कोण? चौघांच्या बँडमध्ये दुसरी गिटार असते, नाहीतर कीबोर्ड असतो, भोक बुजतं. तिघांत ते भोक उघडं पडतं. क्रीम हाही तिघांचाच बँड, ते काय करायचे, तर तिघंही एकदम सोलो वाजवायचे आणि होईल ते होईल. बजी तसं करत नाहीत. 'रॉकिंग मॅन'मध्ये बोर्ज सोलोला निघाला की फक्त खालचा आवाज ऐका, गिटार विसरा. शेली रिफ सोडत नाही, उलट तो जरा वरच्या सुरात आणि जरा जाड करून वाजवतो, म्हणजे जी जागा रिकामी व्हायची तिथे बेस चढून बसतो, आणि फिलिप्स झांजा कमी करून टॉम्सवर, म्हणजे नुसत्या ढोलांवर, येतो. हे सगळं होताना अर्ध्या मिनिटापूर्वी शेली गात होता आणि अजून दोन ओळींनी परत गाणार आहे हे डोक्यात ठेवा. मित्राचं म्हणणं, पहिल्या अल्बममध्ये बेस आणि गिटार बहुतेक वेळ एकच गोष्ट वाजवतात, तिसऱ्यात बरंच काही स्टुडिओत चढवलंय, आणि तिघं तीन वेगवेगळ्या गोष्टी वाजवतायत आणि तरी पोकळी जाणवत नाही हा प्रकार सगळ्यात स्वच्छ ऐकू येतो तो 'स्क्वॉक'वर. मी पुन्हा तिन्ही लागोपाठ ऐकले आणि मला हे पटलं. म्हणून जो कुणी नवीन बँड काढतोय आणि चौथा मेंबर मिळत नाही म्हणून रडतोय त्याने आधी हा अल्बम ऐकावा.

त्यात रॉजर बेनचाही वाटा आहे. त्याचं रेकॉर्डिंग कोरडं असतं, घुमारा नाही, सजावट नाही, वाद्य खोलीत जसं वाजतंय तसं. यावरूनही दोन तट आहेत. बरेच जण म्हणतात की यात ड्रम्स पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजवल्यासारखे येतात आणि तिसरा अल्बम बँडने स्वतः प्रोड्यूस केला तेव्हा कुठे दम आला. ड्रम्सबद्दल मी सहमत, विशेषतः पायाने वाजवायचा बास ड्रम जवळपास गायब आहे. पण त्या कोरडेपणामुळेच बेस असा समोर उभा राहतो, तेव्हा एक दिलं एक घेतलं.

शब्दांबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. बाई, दारू, घर, रस्ता, पुन्हा बाई. 'यंग इज अ वर्ल्ड' सोडलं तर शब्दांसाठी इथे कुणी येऊ नये आणि कुणी येतही नाही.

कव्हर मात्र बघण्यासारखं. रॉजर डीनचं काम, तोच जो येसची ती तरंगणारी जगं काढायचा. इथे त्याने एसआर-71 या अमेरिकन टेहळणी विमानाच्या घाटाचं काळं जेट घेतलं आणि त्याच्या नाकाच्या जागी पक्ष्याची कवटी बसवली. पोरगेलेसं, थोडं भयंकर आणि थोडं हास्यास्पद, म्हणजे तंतोतंत बजी. मोबाईलच्या अंगठ्याएवढ्या चौकोनात ते काहीच वाटत नाही, एलपीच्या आकारात बघायला हवं. पुढच्या अल्बमचं कव्हरही डीनचंच, पण मला हे जास्त आवडतं.

एक तक्रार ऐकणाऱ्यांबद्दलही आहे. बर्क शेली जानेवारी 2022 मध्ये गेला, कार्डिफलाच, 71 वर्षांचा होता. त्यानंतर काही दिवस सगळीकडे 'ब्रेडफॅन' फिरत होतं, आणि फिरावंच, पण त्यात भर अशी की निम्म्या पोस्टींमध्ये ते मेटॅलिकाचं व्हर्जन होतं. माणूस गेला कुणाचा आणि वाजवताय कुणाला! पोलंडमध्ये मात्र या बँडला अजून मानतात असं वाचण्यात येतं, 1982 ला, म्हणजे तिकडे लष्करी राजवट असताना, हे लोक तिथे जाऊन वाजवून आले होते, तेव्हा तिकडे असं कुणी फारसं जातच नव्हतं.

आता विकत घ्यायचं असेल तर. मूळ 1972 च्या एलपीच्या मागे लागू नका, चांगल्या अवस्थेतली प्रत बाहेरून मागवायची तर पोस्टेज आणि कस्टम धरून जो आकडा होतो त्यात एक बरा अ‍ॅम्प्लिफायर येतो. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या एलपींच्या ढिगात सॅबथ, पर्पल, पिंक फ्लॉइड निघतात, बजी निघालेला मी कुणाकडून ऐकलेला नाही, निघाला तर भाव न करता उचला. पुढे निघालेल्या बोनस ट्रॅकवाल्या सीडी बऱ्या आहेत, बोनस गाणी मात्र एकदा ऐकून विसरण्यासारखी. स्ट्रीमिंगवर आहे, पण कृपा करून फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, कारण फोनचा स्पीकर बेस खातो, आणि या अल्बममधून बेस काढला तर खाली उरतो एक चिरका आवाज आणि खोक्यावरचे ड्रम्स, मग तुम्ही पण म्हणाल की दुसरा अल्बम काही खास नाही. साधा हेडफोन चालेल. ऐकण्याचा क्रम माझ्या मते असा ठेवा, आधी 'स्ट्रँडेड', मग 'रॉकिंग मॅन', मग 'यंग इज अ वर्ल्ड', आणि या तिन्हींतलं एकही आवडलं नाही तर बाकीचं ऐकायची गरज नाही, सरळ 'ब्रेडफॅन' लावा.